आव्हानवीराला संधी किती? आधी खुर्चीतल्या माणसाचा आकडा बघा

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या एका राज्यात विद्यमान गव्हर्नर (दिल्लीहून नेमलेला राज्यपाल नव्हे, थेट मतदानाने निवडलेला मुख्यमंत्री समजा) पुन्हा उभे राहत आहेत. निवडणूक वर्षभरावर आहे. ताज्या जनमत चाचणीत त्यांना ४६ टक्के, विरोधातल्या उमेदवाराला ४२ टक्के, बाकीचे कुंपणावर. विचारणाऱ्यांना विरोधातला उमेदवार पटला आहे, देणगी द्यायचीही तयारी आहे, फक्त पैसे पाण्यात जाऊ नयेत एवढंच त्यांचं म्हणणं. तर याला निवडून यायची संधी किती, आणि ती ठरवायची कशावरून?

माझं काम या धंद्यातल्या आकड्यांच्या बाजूचं. मतदारयाद्या, चाचण्या, जाहिरातींचे हिशेब. व्यासपीठावर आम्ही कधी दिसत नाही. त्यामुळे उत्तर थोडं रुक्ष वाटलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, ‘चार टक्क्यांनी मागे’ हे सध्या विसरून जा. वर्षभर आधीच्या चार टक्क्यांना फारसा अर्थ नसतो. बघायचा आकडा आहे ४६. खुर्चीवर बसलेल्या माणसाला अख्खं राज्य ओळखतं. तीन वर्षं रोज बातम्यांत दिसूनही निम्मे लोक त्याला ‘हो’ म्हणत नसतील, तर ती निवडणूक खुली आहे. हेच आकडे ५२ आणि ४८ असते तर फरक तोच चारचा, पण मी तुम्हाला पाकीट खिशात ठेवा म्हटलं असतं, कारण तिथे मिळवायला कुणी उरलेलंच नाही. आव्हानवीराला समोरच्याचे मतदार फोडावे लागतील, आणि आजच्या अमेरिकेत ते फार अवघड झालं आहे.

आता जरा थंड पाण्याचा शिपका. २०१४ ते २०२४ या काळात मुख्य निवडणुकीत पडलेले विद्यमान गव्हर्नर मोजून आठ. २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे टॉम कॉर्बेट, इलिनॉयचे पॅट क्विन, अलास्काचे शॉन पार्नेल. २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचे पॅट मॅक्रोरी. २०१८ मध्ये विस्कॉन्सिनचे स्कॉट वॉकर आणि इलिनॉयचे ब्रूस राउनर. २०१९ मध्ये केंटकीचे मॅट बेविन. आणि २०२२ मध्ये नेवाडाचे स्टीव्ह सिसोलॅक. २०२२ ला ३६ राज्यांत गव्हर्नर निवडले गेले, त्यात पडले एकटे सिसोलॅक. २०२० आणि २०२४ मध्ये तर कुणीच नाही. स्वतःच्या पक्षाच्या प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानातच, गारद झालेले यात धरलेले नाहीत. कॅन्ससचे जेफ कोलियर २०१८ ला अवघ्या ३४३ मतांनी तसे गेले.

आपल्याकडे सत्ताविरोधी लाटेची इतकी सवय आहे की ही यादी वाचून आश्चर्य वाटतं. पण यादी आखूड असण्याचं एक कारण साधं आहे: आपण पडणार अशी ज्याला खात्री पटते तो बहुतेक वेळा उभाच राहत नाही. अलास्काचे बिल वॉकर २०१८ ला ऑक्टोबरमध्ये मैदान सोडून गेले. म्हणजे जे उभे राहतात ते मुळातच चाळणीतून आलेले असतात. तुमचे गव्हर्नर ४६ वर असूनही उभे राहताहेत, याचा अर्थ त्यांच्या माणसांनी केलेल्या खासगी चाचण्यांत काहीतरी आशादायक दिसलं असणार. हेही ध्यानात ठेवा.

या आठांपैकी विस्कॉन्सिन मी नेहमी नव्या मुलांपुढे ठेवतो, कारण तिथे जवळजवळ सगळ्या खुणा आधीपासून उघड्यावर होत्या.

रिपब्लिकन पक्षाचे स्कॉट वॉकर हा काही लेचापेचा गडी नव्हता. २०१० ला निवडून आले, २०११ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामूहिक वाटाघाटीच्या हक्कांना कात्री लावणारा कायदा आणला. मॅडिसनच्या विधानभवनाला निदर्शकांनी वेढा घातला, वॉकर यांना मुदतीआधीच परत बोलावण्यासाठी जून २०१२ मध्ये मतदान झालं, आणि तेही ते जिंकले. परत बोलावण्याच्या मतदानात टिकलेले अमेरिकेच्या इतिहासातले ते पहिले गव्हर्नर. २०१४ ला पुन्हा जिंकले. चार वर्षांत तीन विजय. मग २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची हौस करायला गेले, काही आठवड्यांत परतले, आणि तोवर राज्यातली पसंती ४० टक्क्यांच्या खाली गेलेली होती. पुढे ती सावरली, पण पूर्वीच्या उंचीवर गेली नाही.

समोर उभे राहिले टोनी एव्हर्स. वयस्कर, मवाळ, शाळामास्तरी वळणाचे. भाषणात आवाज चढवायचा तर त्यांना कष्ट पडत. राज्याचे शिक्षण अधीक्षक म्हणून ते तीनदा राज्यभरातून निवडून आले होते, पण ती एप्रिलमधली, पक्षचिन्ह नसलेली, कमी मतदानाची निवडणूक. ऑगस्ट २०१८ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत भरपूर गर्दी होती, त्यातून ते सुमारे ४२ टक्के घेऊन निघाले. दिल्ली-मुंबईच्या स्टुडिओत बसणाऱ्या विश्लेषकांसारखे तिथलेही पंडित म्हणत होते, हा माणूस फिका आहे, वॉकर याला गिळतील.

आता मार्केट विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाच्या चाचण्या बघा. विस्कॉन्सिनमध्ये यांना मान आहे. ऑगस्टमध्ये ४६-४६. सप्टेंबरमध्ये एव्हर्स ४९, वॉकर ४४. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वॉकर ४७, एव्हर्स ४६. शेवटची चाचणी ४७-४७. वर्तमानपत्रांनी यावर ‘वॉकर मागे पडले’, ‘वॉकर पुढे आले’, ‘चुरस’ असे चार मथळे काढले. मी मात्र वॉकर यांचाच रकाना उभा वाचतो: ४६, ४४, ४७, ४७. माणूस ४७ च्या वर जायला तयार नाही. २०१४ च्या शेवटच्या चाचणीत हेच वॉकर ५० वर होते आणि सहज जिंकले. २०१८ ला प्रत्यक्षात मिळाले ४८.४ टक्के. एव्हर्स यांना ४९.५.

मतमोजणीच्या आकड्यांत एक गोष्ट आहे जी चाचण्यांत दिसत नाही. २०१४ ला जिंकताना वॉकर यांना १२,५९,७०६ मतं होती. २०१८ ला हरताना १२,९५,०८०. म्हणजे हरले तेव्हा आधीपेक्षा ३५ हजार मतं जास्त मिळाली! त्यांचे लोक त्यांना सोडून गेले म्हणून ते पडले, असं ढोबळमानाने म्हणता येत नाही. झालं ते असं की समोरच्या बाजूची मतं ११,२२,९१३ वरून १३,२४,३०७ वर गेली. जे २०१४ ला घरी बसले होते ते २०१८ ला उठून आले. मॅडिसन शहर ज्या डेन कौंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आहे तिथे डेमोक्रॅटिक उमेदवाराची आघाडी चार वर्षांपूर्वी लाखभर होती, ती दीड लाखावर गेली. नुसती ही वाढच ५० हजारांच्या घरात, आणि राज्यभरातला निकाल लागला २९,२२७ मतांनी. दुसऱ्या टोकाला मिलवॉकीच्या पश्चिमेची वॉकेशा कौंटी, रिपब्लिकनांचा बालेकिल्ला. तिथे वॉकर जिंकलेच, पण ७२ टक्क्यांच्या आसपासचा वाटा ६६ वर आला. बालेकिल्ला पडावा लागत नाही, नुसता थोडा खचला तरी हिशेब बदलतो.

केंटकीत वर्षभराने तेच घडलं. मॅट बेविन २०१५ मध्ये ५ लाख ११ हजार मतं घेऊन मोठ्या फरकाने जिंकले होते. २०१९ मध्ये ७ लाख ४ हजार मतं घेऊन हरले, ५,१३६ मतांनी. तेव्हा कुणी ‘आमचे मतदार पक्के आहेत’ म्हणून निश्चिंत दिसला की मी विचारतो, तुमचे पक्के असतील हो, पण तुमच्यावर चिडलेले किती जण या वेळी रांगेत उभे राहणार?

हा राग मोजायचा कसा? चाचणीत पसंती-नापसंती विचारतात तेव्हा ‘काहीशी नापसंती’ आणि ‘तीव्र नापसंती’ वेगळी छापलेली असते. बहुतेक वाचक बेरीज बघतात. तुम्ही ‘तीव्र’चा रकाना बघा. तीव्र पसंतीपेक्षा तीव्र नापसंती बरीच जास्त असेल तर आव्हानवीराला फार काही करावं लागत नाही, फक्त लोकांना नको वाटेल असं काही करायचं नसतं. एव्हर्स फिके होते हे खरंच होतं, आणि नेमकं तेच उपयोगी पडलं. वॉकरविरोधाचा सगळा राग त्यांच्या खात्यात विनातक्रार जमा होऊ शकला.

दुसरी खूण, मधल्या छोट्या निवडणुका. जानेवारी २०१८ मध्ये विस्कॉन्सिनच्या वायव्येकडच्या, राज्याच्या सेनेटच्या (विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाच्या) एका मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. ट्रम्प यांना तिथे मोठं मताधिक्य होतं, आणि जागा डेमोक्रॅटिक पक्षाने घेतली. खुद्द वॉकर यांनी त्याच रात्री ही धोक्याची घंटा असल्याचं जाहीर म्हटलं. एप्रिलमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जागेसाठी मतदान झालं, तिथे उदारमतवादी गटाच्या रिबेका डॅलेट ११ टक्क्यांहून जास्त फरकाने आल्या. आणखी दोन रिकाम्या जागांच्या पोटनिवडणुका वॉकर टाळू बघत होते; न्यायालयाने घ्यायला लावल्या. जूनमध्ये त्यातली एक जागाही गेली. मात्र नोव्हेंबरमध्ये तीच जागा रिपब्लिकनांनी परत मिळवली. तेव्हा पोटनिवडणूक म्हणजे तापमापक; ताप आहे हे कळतं, रोगी जगेल की नाही ते कळत नाही. मी अशा निकालांना निम्मं वजन देतो.

तिसरी खूण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित: विद्यमान गव्हर्नरची स्वतःची प्रायमरी. मे २०१९ मध्ये बेविन यांच्याविरुद्ध पक्षातूनच रॉबर्ट गोफोर्थ नावाचे एक आमदार उभे राहिले. राज्यभर त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. त्यांना ३९ टक्के मिळाले, बेविन यांना ५२. गव्हर्नरला आपल्याच पक्षात इतका विरोध असेल तर नोव्हेंबरमध्ये काय वाढून ठेवलंय ते मेमध्येच कळायला हवं. कारणंही लपलेली नव्हती. निवृत्तिवेतनाचं विधेयक सांडपाण्यासंबंधीच्या एका विधेयकात घुसवून रातोरात मंजूर करून घेतलं गेलं. शिक्षक रस्त्यावर आले, शाळा बंद पडल्या, तर बेविन म्हणाले की घरी एकटं राहिलेल्या एखाद्या मुलावर आज नक्की अत्याचार झाला असेल. नंतर माफी मागितली. पण शिक्षक ही जमात खेड्यापाड्यात सगळीकडे असते, आणि तिचे विद्यार्थी व पालकही. तो कायदा न्यायालयात नेऊन रद्द करवणारे राज्याचे ॲटर्नी जनरल अँडी बेशियर हेच पुढे आव्हानवीर झाले, आणि त्यांनी उपगव्हर्नरपदासाठी जोडीची उमेदवार घेतली तीही शिक्षिकाच, जॅकलिन कोलमन. याला म्हणतात बरोबर नस पकडणं.

केंटकी ट्रम्प यांनी २०१६ मध्ये सुमारे ३० टक्क्यांच्या फरकाने जिंकलेलं राज्य. मतदानाच्या आदल्या रात्री ते स्वतः लेक्सिंग्टनमध्ये सभा घ्यायला आले. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर राज्यपातळीवरच्या बाकी सगळ्या जागा रिपब्लिकनांनी जिंकल्या. पडले एकटे बेविन. आता ‘राज्य लाल (म्हणजे रिपब्लिकनांचं) आहे, तिथे डेमोक्रॅट कसा येणार’ म्हणणाऱ्याला काय सांगाल?

मी सांगतो की राज्याचा रंग महत्त्वाचा आहेच, पण गव्हर्नरच्या निवडणुकीत तो सेनेट किंवा राष्ट्राध्यक्षपदाइतका पक्का बसत नाही. वॉशिंग्टनला पाठवायचा माणूस पक्ष बघून पाठवतात. रस्ते, शाळा, आपत्ती यांच्यासाठी बसवायचा माणूस लोक अजूनही थोडा माणूस म्हणून बघतात. मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ली बेकर, मेरिलँडमध्ये लॅरी होगन, व्हर्माँटमध्ये फिल स्कॉट: तिन्ही राज्यं कट्टर डेमोक्रॅटिक, तिन्ही गव्हर्नर रिपब्लिकन, आणि तिघांनी आव्हानवीरांना धूळ चारली. बेकर यांना २०१८ ला दोन तृतीयांश मतं पडली. तिथे उभ्या राहिलेल्या डेमोक्रॅटिक उमेदवारांना राज्याचा रंग काही कामाला आला नाही, कारण गव्हर्नरबद्दल तक्रारच नव्हती. तक्रार हवी, आणि ती स्थानिक हवी. नॉर्थ कॅरोलायनात २०१६ ला मॅक्रोरी यांच्या पराभवाचं श्रेय बहुतेक जण ट्रान्सजेंडर व्यक्तींनी कुठलं स्वच्छतागृह वापरावं यासंबंधीच्या वादग्रस्त कायद्याला देतात. खरं आहे, पण शार्लटच्या उत्तरेला आय-७७ महामार्गावर टोलच्या मार्गिका आणल्याचा राग ज्या उपनगरांत होता ती एरवी त्यांचीच होती. ट्रम्प यांनी राज्य घेतलं, मॅक्रोरी १०,२७७ मतांनी गेले. विस्कॉन्सिनमध्येही रस्त्यांवरच्या खड्ड्यांना डेमोक्रॅटांनी ‘स्कॉटहोल्स’ नाव पाडलं होतं. टोल आणि खड्डे यांचं राजकारण आपल्याला शिकवायला नको.

वॉशिंग्टनचा वारा मात्र हिशेबात धरा. राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाला मध्यावधीत, म्हणजे त्याच्या कारकिर्दीच्या मधोमध येणाऱ्या निवडणुकीत, फटका बसतो हे खरं, पण त्यावर विसंबू नका. वरच्या आठांपैकी पाच जण त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाचे होते, तीन विरुद्ध पक्षाचे. वारा मदत करतो, एकटा खुर्ची उलथवत नाही.

आता आव्हानवीर स्वतः. इथे मी जरा कडक आहे. गव्हर्नर नावडता असूनही समोरचा माणूस चुकीचा निघाला तर सगळं वाया जातं. मिशिगन, २०२२. ग्रेचेन व्हिटमर यांच्या साथीच्या काळातल्या निर्बंधांवर रिपब्लिकन इतके चिडलेले होते की ही जागा आपलीच असं त्यांना वाटत होतं. मग दहापैकी पाच इच्छुक उमेदवारीअर्जावरच्या बनावट सह्यांमुळे बाद झाले, त्यात आघाडीवरचे जेम्स क्रेग आणि पेरी जॉन्सनही गेले. सह्या गोळा करण्याचं काम कंत्राटावर दिलेलं, आणि कंत्राटदारांच्या माणसांनी बसल्या जागी कागद भरलेले. अखेर ट्यूडर डिक्सन यांना उमेदवारी मिळाली. प्रायमरी ऑगस्टमध्ये संपली तेव्हा तिजोरी रिकामी, आणि व्हिटमर यांच्या बाजूच्या जाहिराती तोवर धो धो सुरू. त्यात गर्भपाताच्या हक्काचा प्रस्ताव त्याच मतपत्रिकेवर. व्हिटमर १० टक्क्यांहून जास्त फरकाने आल्या. उमेदवारी अर्ज, सह्या, छाननी ही कारकुनी कामं ज्याला जमत नाहीत त्याला राज्य मिळत नाही.

याच राज्यात त्याआधी चार वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी एक गोष्ट जवळून पाहिली. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ ला डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. स्वतःचे १ कोटी डॉलरहून जास्त ओतले, इतर कुणी टीव्हीवर नसताना जाहिराती सुरू केल्या, आणि सुरुवातीच्या काही चाचण्यांत पुढेही होते. अमेरिकेतल्या मराठी घरांत तेव्हा काय उत्साह होता! ऑगस्टमध्ये निकाल लागला: व्हिटमर ५२ टक्के, अब्दुल अल-सय्यद ३०, ठाणेदार १८ च्या आसपास. ती चाचण्यांतली आघाडी म्हणजे लोकांना नाव ओळखीचं झालं होतं, इतकंच. संघटना, कामगार संघटनांचा पाठिंबा, पक्षातली उठबस व्हिटमर यांच्याकडे होती. ठाणेदारांनी पुढे धडा घेऊन आधी राज्याच्या विधिमंडळात आणि मग २०२३ पासून अमेरिकी काँग्रेसमध्ये जागा मिळवली, ते वेगळं. तुमच्या आव्हानवीराच्या ४२ टक्क्यांत ओळख किती आणि पसंती किती, हे तपासायला चाचणीत ‘या व्यक्तीबद्दल मत नाही’ म्हणणाऱ्यांचा आकडा शोधा. निम्म्या लोकांना तो माहीतच नाही आणि तरी ४२ असेल, तर ते त्याच्या पक्षाचे ४२ आहेत. ही चांगली बातमी आहे, अजून वाढायला जागा आहे. सगळ्यांना माहीत असून ४२ असेल, तर गाडी तिथेच अडकली आहे.

चाचण्यांच्या चुकांबद्दल थोडकंच. ६०० लोकांच्या चाचणीत प्रत्येक उमेदवाराच्या आकड्याला चार टक्के इकडेतिकडे धरतात, पण दोघांमधल्या फरकाला ती चूक जवळपास दुप्पट लागू होते. म्हणजे तुमचे ‘चार टक्के मागे’ हे ‘बारा मागे’पासून ‘चार पुढे’पर्यंत काहीही असू शकतं. शिवाय सगळ्या चाचण्या मिळून एकाच दिशेला घसरतात तेव्हा सरासरी काढूनही उपयोग नसतो. न्यू जर्सीत २०२१ ला मॉनमथ विद्यापीठाच्या शेवटच्या चाचणीत फिल मर्फी ११ टक्क्यांनी पुढे होते, जिंकले ३.२ ने. आव्हानवीर जॅक चिटारेली यांच्या बाजूचे मतदार मोजण्यातच कमी पडले होते. कुंपणावरचे सगळे शेवटी आव्हानवीराकडे जातात, असं जुने लोक सांगत. आज मी ते फार गृहीत धरत नाही. थोडे जास्त त्याच्याकडे जातात, बस.

तिसऱ्या उमेदवाराचं आणि राज्याच्या नियमांचं एकदा बघून ठेवा, फार वेळ लागत नाही. जॉर्जियात ५० टक्के गाठले नाहीत तर फेरनिवडणूक. व्हर्माँटमध्ये कुणालाच निम्मी मतं नसतील तर विधिमंडळ निवड करतं; २०१४ च्या निवडणुकीनंतर पीटर शुमलिन तसे बसले. मेनमध्ये पसंतीक्रमाची पद्धत आली, पण गव्हर्नरच्या मुख्य निवडणुकीला ती लागू नाही, सर्वाधिक मतं तो विजयी. नेवाडात तर आपल्या ‘नोटा’च्या कितीतरी आधीपासून ‘यापैकी कुणीही नाही’ हा पर्याय आहे. २०२२ ला त्याला दीड टक्क्याच्या आसपास मतं गेली आणि सिसोलॅक हरलेही साधारण तेवढ्याच फरकाने. विद्यमान गव्हर्नरवर नाराज असलेली मतं कुठे सांडू शकतात, एवढंच यातून बघायचं.

पैशांकडे येतो, कारण मूळ प्रश्न तोच होता. उमेदवाराकडे किती जमले यापेक्षा कुणाच्या खात्यात जमले हे महत्त्वाचं. मुख्य निवडणुकीआधीच्या ६० दिवसांत टीव्ही केंद्रांना उमेदवाराच्या जाहिराती सगळ्यात कमी दराने घ्याव्या लागतात. बाहेरच्या गटांना ती सवलत नाही, त्यांच्याकडून ऑक्टोबरमध्ये वाट्टेल तो भाव घेतात. त्यामुळे उमेदवाराच्या खात्यातला एक डॉलर बाहेरच्या गटाच्या दोन-तीन डॉलरचं काम करतो. दोन्ही पक्षांच्या गव्हर्नर संघटना, डेमोक्रॅटिक गव्हर्नर्स असोसिएशन आणि रिपब्लिकन गव्हर्नर्स असोसिएशन, उन्हाळ्यातच टीव्हीची वेळ राखून ठेवतात. ही राखीव वेळ वाढली की समजा आतल्या चाचण्या बऱ्या आहेत. सप्टेंबरअखेर गुपचूप रद्द झाली की उमेदवार काहीही बोलो, त्याच्या पक्षाने हात झटकले. पत्रकार परिषदांपेक्षा मी या एका खुणेवर जास्त विश्वास ठेवतो, कारण तिथे लोक स्वतःचे पैसे लावत असतात. २०१८ ला वॉकर यांच्या हाती एव्हर्स यांच्याहून बराच जास्त पैसा होता. तरीही डेमोक्रॅटिक बाजूचे बाहेरचे गट शेवटपर्यंत विस्कॉन्सिन सोडून गेले नाहीत, यातच काय ते होतं.

आणि निकालाच्या रात्री घाई करू नका. विस्कॉन्सिनमध्ये मध्यरात्रीनंतर मिलवॉकी शहराची ४० हजारांहून जास्त टपाली मतं एकदम जाहीर झाली आणि चित्र पालटलं. त्या शहरात ती मतं एका मध्यवर्ती ठिकाणी मोजतात, म्हणून उशिरा येतात. मोजणी कुठे, कशी, किती वाजता हे आधी माहीत असलेल्याला त्यात काही धक्का नव्हता. वॉकर यांना फेरमोजणी मागता आली नाही, कारण एक टक्क्याच्या आत फरक असेल तरच मागता येईल असा कायदा २०१७ मध्ये खुद्द त्यांनीच सही करून आणला होता. फरक पडला १.१ टक्क्याचा.

तुमच्या आकड्यांवर आज बोलायचं तर मी चारात एक म्हणेन. गव्हर्नरच्या प्रायमरीत अनोळखी माणसाने ३० टक्क्यांच्या पुढे मजल मारली, तीव्र नापसंतीचा आकडा ४० च्या वर दिसला आणि उन्हाळ्यात बाहेरचे गट वेळ राखायला लागले, तर मी तीनात एकाच्याही पुढे जाईन. गव्हर्नर ४९-५० वर स्थिरावले तर दहात एक.

द्यायचे असतील तर आता द्या, ऑक्टोबरमध्ये नको. प्रायमरीनंतरच्या रिकाम्या तिजोरीच्या आठवड्यांत शंभर डॉलर जे करतात ते शेवटच्या आठवड्यातले पाचशे करत नाहीत. तोवर टीव्हीवरची वेळच संपलेली असते. पैसे थेट उमेदवाराच्या समितीला द्या, मधल्या कुठल्या भारदस्त नावाच्या गटाला नको. आणि आपल्याकडच्या बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो: नागरिक असाल किंवा ग्रीन कार्ड असेल तरच देणगी देता येते. एच-१बी, विद्यार्थी व्हिसा किंवा त्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर असाल तर राज्याच्या निवडणुकीतही एक डॉलर देणं बेकायदा आहे, आणि कुणा मित्राच्या कार्डावरून देणं तर त्याहून वाईट. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करायला, पत्रकं वाटायला हरकत नाही.